रंगवलेली खिडकी

लंडन

डिम्फनाताई,

तुझ्या नटव्या भावाची आठवण काढतेस ना? मी मजेत आहे, नाटक जोरात चाललंय. बाबांनी सूप तरी घेतलं का गं?

काल नाटकातला माझा बाप मेला आणि मी आपल्या गावच्या सवयीनं, आत्म्याला वाट करून द्यायला, खिडकी उघडायला धावलो. खिडकी नुसती रंगवलेली! अख्खी भिंत हलली. स्टेजवर, सिनेमात इतका रडलो, पण काल खरं रडू आलं आणि लोक खो-खो हसले.

मॅनेजरकडे सुट्टी मागितली. म्हणाला, "तुझ्या जागी उभं कोण राहणार? तुझा बाप?"

बाबांना सांग, मी निघालोय. खोटंच सांग. आणि ताई, काहीही झालं तरी मी येईपर्यंत त्यांच्या खोलीची खिडकी उघडू नकोस.

तुझाच,
फिनबार