दादानं धाडलेली वाइन

लाडक्या धाकटीला दादाचा आशीर्वाद. मी ठणठणीत आहे.

काल फोनवर "ती वाइन पिऊ नकोस, खराब निघाली" म्हणालो, ते खोटं होतं. खरं सांगायला जीभ रेटेना.

मी दवाखान्यांत पोस्टर चिकटवतो, ठाऊकच आहे तुला. "गरोदरपणी दारूचा एक घोटही नको, बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते." महिनाभर हेच चिकटवत होतो. वाचलं परवा, एक उलटं लागलं तेव्हा. आणि मीच शहाणा, "रक्त वाढतं गं" म्हणून तुला बाटली धाडली!

उलट्या थांबल्या का? उरलेली वाइन मोरीत ओत. किती प्यायलीस ते डॉक्टरांना सांग. रागावले तर माझं नाव घे. तू नकोच म्हणत होतीस, हेही सांग.

तोंड लपवणारा,
दादा