घर माझं, अटी आईच्या

नारिन, १२ सप्टेंबर

प्रिय कानिशायताई,

धाकट्या एमिलचा तुला आणि भावोजींना सलाम. तुझी कंबर, त्यांची दाढ आणि तुमच्या ओशचा उकाडा ही तिन्ही दुखणी आता उतरली असतील असं धरून पुढे लिहितो, कारण मला दम निघत नाही. ताई, घर माझ्या नावावर झालं! (म्हणजे झाल्यासारखंच आहे. खाली वाच.)

झालं असं, की शेजारचा जुमाबाय गेला आणि चाळीस दिवसही उलटले नाहीत तोच त्याच्या दोन्ही मुलांनी घराच्या मधोमध भिंत घातली. म्हातारी एका बाजूला, चूल दुसऱ्या बाजूला; चहा हवा झाला की बिचारी रस्त्याने वळसा घालून जाते. आईने कुंपणावरून हे पाहिलं आणि म्हणाली, "उद्याच नोटरीकडे. डोकं ठिकाणावर आहे तोवर उरकू." रीतीप्रमाणे घर धाकट्याचं, म्हणून मी बक्षीसपत्र आधीच भरून नेलं (निव्वळ आईच्या सोयीसाठी). तर तिथे तुरसुनालीदादा आमच्या आधी हजर! इस्त्रीचा कोट, नवी टोपी आणि काखेत स्वतःच्या नावाने भरलेलं बक्षीसपत्र.

"दहा वर्षांत आईला कोळशाची एक गोणी तरी आणलीस का?" मी विचारलं. "आणली होती. शेकत कोण बसलं होतं? तूच!" दादा ओरडला. नोटरी, तिशीतली पोरगी, बाहेर आली, दोघांचे कागद काढून घेतले, आईला आत नेलं आणि दार लावलं. पाऊण तास! मी दाराला कान लावला, दादानेही लावला. आतून फक्त दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

मग आम्हाला आत घेतलं. नोटरी म्हणाली, "बक्षीस दिलं की घर आजपासून यांचं राहत नाही. उद्या तुम्ही यांना बाहेर काढलंत तर?" मी म्हटलं, "मी? आईला?" त्यावर दादा छताकडे पाहू लागला. आईसुद्धा! ताई, ते छताकडे बघणं मला फार लागलं.

शेवटी रीतीप्रमाणे धाकट्याशी, म्हणजे माझ्याशी, करार ठरला: आईला आयुष्यभर मी सांभाळायचं आणि घर माझं. आई असेपर्यंत घर विकायचं नाही, तिला हलवायचं नाही. सांभाळ चुकला तर करार मोडला. मग आई सांगत गेली आणि नोटरी लिहीत गेली. दिवसातून पाच वेळा मीठ घातलेला दुधाचा चहा. जूनमध्ये घोडीच्या दुधाचं ताजं कुमिस प्यायला कुरणावर न्यायचं. रविवारी बेशबर्माकमधल्या मटणाबरोबरच्या शेवयांची कणीक मी मळायची, सुनेने नाही. आणि दर शुक्रवारी दादाने आमच्याकडे जेवायचं. "भांडा, पण जेवून झाल्यावर, माझ्यासमोर," आई म्हणाली. नोटरी म्हणाली, "आजी, हे कायद्यात बसत नाही." आई म्हणाली, "माझ्या घरात बसतं. लिही." दादाने डोळे पुसले. मी पुसले नाहीत (माझ्याकडे रुमाल नव्हता).

कणकेने हात भरलेला,
तुझा एमिल

ता. क. माझी बायको बुरुल तो करार रोज मोठ्याने वाचते. बायकोसाठीही असा करार होतो का, विचारते आहे.

दुसरा ता. क. वर लिहायचा धीर झाला नाही. पूर्वेच्या खिडकीची खोली आईने तुझ्या नावाने लिहिली आहे. "मुलीलाही तिचं म्हणून एक दार हवं," असं ती नोटरीला म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या खोलीतले बटाटे हलवले आणि भिंतींना चुना मारला. आता कागदावर तुझी सही हवी आहे, लवकर ये. चुना सुकल्या सुकल्या आईने खोलीची किल्ली गळ्यात अडकवली आहे, आणि माझे बटाटे अंगणात पडून आहेत.