ओदालिस मावशीच्या बैठकीतल्या तारा

ओल्गीन, ४ फेब्रुवारी

ती. ओदालिस मावशीस,
सा. न. वि. वि.

रेइनेरिओचा ट्रक बाराकोआला निघालाय, म्हणून घाईत लिहिते. तिथे डोंगरात फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच. ही बातमी तोंडी सांगायची माझी हिंमत झाली नसती. आईचा पाय कसा आहे? तू तिच्याजवळ आहेस म्हणून मी इथे तुझ्या घरी बसून परीक्षेचा अभ्यास करू शकते.

तर बातमी अशी. कॉलेजच्या नेटवर्क प्रयोगशाळेत चाळीस जणांत चार यंत्रं, त्यातलं एक बासिलिओ सरांसाठी राखीव. म्हणून मी घरीच प्रयोगशाळा मांडली आहे. अगदी छोटी. एका कचेरीने मोडीत काढलेला राउटर, आणि एक स्विच, म्हणजे तारा जोडायची चपटी पेटी. बैठकीतल्या फळीवर ठेवलंय, कारण घरातला धड चालणारा प्लग तिथेच आहे. एवेलिओ काकांचा फोटो जरासाच सरकवलाय. रागावू नकोस हं.

लोभ आहे तो निदान परीक्षेपर्यंत टिकवावा.
तुझी मायेलिन


बाराकोआ, ११ फेब्रुवारी

चि. मायेलिनला अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा पाय प्लास्टरात आहे आणि जीभ मोकळी. तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मला, ती दिवसभर भात शिजवायला शिकवते.

जरासाच म्हणजे किती, ते मोजून कळव. त्या फळीवर माझा नवरा असतो, पोरी. गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण दर सोमवारी त्याच्यासाठी ठेवलेलं पाणी बदललं जातं, आणि ग्लास फळीवर सगळ्यांत उंच जागी असतो. तुझ्यावर भरवसा नाही, म्हणून ते काम शेजारच्या सोराइदाला सांगून आले आहे. तिला आडवी जाऊ नकोस.

आणि नीट वाच. वीस मार्चला मी परत येईन तेव्हा माझी बैठक सोडली तशीच दिसली पाहिजे. एक तार दिसली, की तू आणि तुझी पेटी दोघींची रवानगी वसतिगृहात.

नारळाचा गोड कुकुरुचो पानात बांधून पाठवते आहे. खाऊन घे, वाळली असशील.
मावशी


ओल्गीन, २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कुकुरुचोचं पान तेवढं मिळालं. रेइनेरिओ म्हणाला, रस्ता फार खराब होता.

प्रयोगशाळा किंचित वाढली आहे. परीक्षा बारा मार्चला, आणि सर घरीच येणार आहेत. ते मनाला येईल ती तार उपटणार, तरी निरोप आपणहून दुसऱ्या वाटेने पोहोचला पाहिजे. त्यासाठी तीन राउटर लागतात, म्हणून तिसरा स्वयंपाकघरात आहे. बाकी दोन पेट्या तुझ्या ताटांच्या लाकडी स्टँडमध्ये उभ्या केल्या, स्विच त्यांच्या डोक्यावर. सुताराने मापं घेऊन केल्यासारख्या बसल्या बघ! स्टँड फळीवर, ताटं पलंगाखाली, काका रेडिओवर. सगळे सुखरूप.

माया कमी करू नये ही विनंती.
मायेलिन


ओल्गीन, २ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

घात झाला! आज सोमवार. सोराइदाने पाणी बदललं आणि तुझ्या हुकुमाप्रमाणे ग्लास सगळ्यांत उंच जागी ठेवला. सगळ्यांत उंच आता माझा स्विच आहे. पंखा लागला, पडदा उडाला, आणि काकांचं पाणी सगळंच्या सगळं आत. ठिणगी उडाली, वास सुटला, संपलं.

मी रडले. सोराइदा माझ्याहून मोठ्याने रडली, शेवटी मीच तिला कॉफी करून दिली. दहा दिवस उरलेत, आणि नापास झाले तर अख्खं वर्ष गेलं. मला काहीच सुचत नाहीये, मावशी.

मायेलिन


बाराकोआ, ५ मार्च

चि. मायेलिन, अनेक आशीर्वाद.

डोळे पूस. चूक माझी आहे. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा लिहिणार नाही. एवेलिओ होता तेव्हाही लोक काम करत असतील तिथेच नेमका पेला लवंडायचा. यापुढे पाणी खालच्या फळीवर ठेव. त्याला वाकू दे.

सोराइदाला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. कुणाच्या कपाटात काय पडलंय हे तिला पाठ असतं. पण वीस मार्च म्हणजे वीस मार्च.

मावशी


ओल्गीन, १३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पास! पास! पास!

तुझी चिठ्ठी वाचून सोराइदा दारोदार फिरली आणि पाच पेट्या घेऊन आली. गल्लीतल्या मुलांचं खेळांचं नेटवर्क बंद पडल्यापासून त्या कपाटांत पडून होत्या. पण प्रत्येकाची एकच अट, आमचंही घर जोडायचं. म्हणून तारा गच्चीवरून गेल्या. वाटेतल्या घरांनीही हट्ट धरला, आणि प्रयोगशाळा आता नऊ घरांची आहे. चौकातले डॉमिनो खेळणारे म्हातारे तुझ्या झुलत्या खुर्च्यांवर बसून पेट्यांचे लुकलुकते दिवे मोजायचे.

सर आले, कॉफी प्यायले आणि त्यांनी तार उपटली. निरोप दुसऱ्या वाटेने गेला! पण सोराइदाला राहवेना, तिने तार परत खोचली. सरांनी पुन्हा उपटली, तिने पुन्हा खोचली. तिसऱ्या वेळी तिने सरांना विचारलं, की परक्याच्या घरातल्या वस्तूंना हात लावू नये हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं नाही का. मी टेबलाखाली जायचीच बाकी होते. सरांनी शेरा लिहिला, की दुरुस्तीची इतकी तत्पर सोय त्यांनी कुठेच पाहिलेली नाही.

आता तुझा हुकूम पाळते. आजपासून सगळं काढते, पेट्या माळ्यावर. अठराला आईकडे पोहोचते, तू निर्धास्त परत ये.

मायेलिन


ओल्गीन, २६ मार्च

चि. मायेलिन, अनेक आशीर्वाद.

बैठक सोडली तशीच आहे. तार एकही नाही, मी शोधली.

पहिल्या दिवशी डॉमिनोवाले आले, दिवे कधी लागणार म्हणून विचारून उभ्याउभ्याच गेले. दुसऱ्या दिवशी सोराइदा आली, फळीकडे बघत बसली आणि कॉफी अर्धी टाकून उठली. मग कोणीच आलं नाही. नऊ वर्षं ही खोली मी पुसून, झाकून नीट ठेवली, आणि नऊ वर्षं तिच्यात कोणी येऊन बसलं नव्हतं. हे मला आता दिसलं गं. फार एकटं वाटतं.

काल सोराइदाला घेऊन मी माळ्यावर चढले. पेट्या खाली आणल्या, जी तार जिथे बसेल तिथे बसवली. एक दिवा लागला आहे, पिवळा. तो चांगला की वाईट ते आम्हाला कळत नाही, पण बघायला सात माणसं बसली आहेत आणि माझी कॉफी संपली.

प्लास्टर निघालं की आईला घेऊन ये, आणि येताना लांब तार आण. समोरच्या गल्लीनेही विचारलंय.

तुझी वाट बघणारी,
मावशी