पुढे गेलेली ताटली

सर, माझा स्वभाव संशयी आहे हे तुम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. कवायतीआधी नखं तपासायला तुम्ही हात धरलात की मी तो मागे ओढायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "घाबरू नको, बोटं परत देतो." तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुमच्यावरचा माझा संशय मात्र गेलेला नाही, म्हणून लिहितोय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहावं.

घणसोलीत आमची भाड्याची एक खोली होती. आम्ही साताऱ्याकडचे, वडील मार्केटात माथाडी. वाशीच्या चर्चमध्ये मुलांचं पथक आहे, बिगुल वाजवायला देतात, पांढरा पट्टा मिळतो, असं वर्गातल्या मुलाकडून ऐकलं आणि मी हट्टालाच पेटलो. आई म्हणाली, "फुकाट कोन कुनाला काय देत न्हाई. गोड बोलत्यात आन् बाटवत्यात." पथक तुम्ही चालवायचात. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही सायकलवर आमच्याकडे आलात, सतरंजीवर बसलात आणि वडिलांना शब्द दिलात, की मुलगा हिंदू म्हणून येईल आणि हिंदू म्हणूनच घरी जाईल. वडील हो म्हणाले, पण मला नंतर बजावलं, "काय खायला दिलं तर नीट बघायचं." मग मी दोन वर्षं बघतच राहिलो. कवायतीनंतरचा वडापावसुद्धा आधी फोडून बघायचो. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, मी एक उघडा ठेवायचो. तुमचेही उघडेच असायचे, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पथक झेंडा घेऊन उपासनेला जायचं. त्यातल्या एका रविवारी आम्ही मोठी मुलं पुढच्या बाकावर बसलोय. प्रभुभोजनाची ताटली हातोहात येतेय, तिच्यात भाकरीचे बारीक तुकडे. शेजारचा एक उचलतो. मी हात पुढे करतो. खरंच करतो, सर. घरच्यांनी ज्याची भीती घातली तेच मला हवं असतं, कारण बाकी सगळ्यांना मिळतंय. तुम्ही मागून वाकता, ताटली माझ्यासमोरून उचलता आणि पलीकडच्याला देता. बाप्तिस्मा झाल्याशिवाय ते घेता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसलं, की भर पंगतीत मला वाढलं नाही. आमच्याकडे पंक्तिप्रपंचासारखा अपमान नाही. घरी आईने नेहमीसारखं विचारलं, "आज काय दिलं?" मी म्हणालो, "भाकरी. त्यांच्या देवाची."

पुढच्या शनिवारी वडील मार्केटातली दोन माणसं घेऊन मैदानावर आले. "आमच्या पोराला काय चारलंसा?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू सांग." मी म्हणालो, "सरांनी दिलं, खा म्हणाले." अख्खं पथक साक्षीला होतं. त्या रविवारी बाकावर माझ्या शेजारी बसलेला मुलगा बोलायला लागला, तर तुम्ही हाताने त्याला गप्प केलंत. वडिलांना म्हणालात, "चूक माझी. पोराला हात लावू नका." चर्चच्या कमिटीने तुमच्याकडून पथक काढून घेतलं. ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही, वर्षभरात बंद पडलं.

हे मला बऱ्याच वर्षांनी त्याच मुलाने सांगितलं. बेलापूरला माझ्या ऑफिसात तो कसलासा दाखला न्यायला आला होता. तुम्ही गेल्याचंही त्यानेच सांगितलं. म्हणाला, "तुला घरी मार पडेल म्हणून गप्प बसले रे. कमिटीपुढेपण तुझं नाव घेतलं नाही." मला नाही पटत. एवढं चांगलं कोण असतं? कधी वाटतं, मला जन्मभर टोचत राहावं म्हणूनच तुम्ही ते अंगावर घेतलंत. तसं असेल तर जमलं बरं का तुम्हाला. आणि तसं नसेल, तर मला फार लाज वाटते, सर. तिच्यापेक्षा संशय बरा पडतो.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. पोराला वेळेवर कसं सोडवून आणलं, हे आल्यागेल्याला सांगतात. आज दुपारी माझ्या मुलाला सांगत होते. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "पप्पा, खरंच दिलेलं त्यांनी?"

मी म्हणालो, "हो."