दारुमाचा दुसरा डोळा

योकोते, १२ मार्च १९८७

चि. कियोहारूस,
अ. उ. आ.

दोन वर्षांनी तू पुन्हा बेसबॉलच्या मैदानात उतरणार, असं पेपरात आलं आणि आपल्या गल्लीला वेड लागलं. तुझ्या बाबांनी तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तसाच ठेवला आणि शाईचा कुंचला शोधायला धावले. तुझं कोपर निखळलं तेव्हा नवस बोलून दारुमाला, त्या बिनडोळ्यांच्या नवसाच्या बाहुल्याला, शाईने एक डोळा काढला होता. दुसरा नवस फळल्यावर, म्हणजे तू पहिला चेंडू फेकल्यावरच काढायचा, ही साधी रीत शेंबड्या पोरालाही कळते. पण यांना धीर कुठला! काढला डोळा, तोही तिरळा. आता खरं सांग बाबा, खेळणार आहेस ना?

मायेला अंतर देऊ नकोस.
तुझी आई

चिबा, ३ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना तो डोळा पुसायला सांग. पेपरवाल्यांनी उगाच घाई केली. प्रशिक्षकांनी यादीत नाव घालू का विचारलं, तर मी कोपर दुखतंय म्हणालो. खरं तर ते दुखत नाही. सरावात चेंडू छान जातो, पण समोर फलंदाज उभा राहिला की हाताचं पाणी होतं, बोटं चेंडू सोडतच नाहीत. मला भीती वाटते गं. आता पुन्हा जमेल असं वाटत नाही. हे कुणाला बोलू नकोस, बाबांना तर मुळीच नको.

रागावू नकोस.
तुझा कियोहारू

योकोते, १० एप्रिल

चि. कियोहारूस,
अ. उ. आ.

शाई पुसत नाही, आत मुरली. बाबांनी डोळ्यावर पट्टी चिकटवली आणि दारुमाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय असं सांगत सुटले. वाणी ओनोदेरा तर रुग्णासाठी सफरचंदं घेऊन आले! ती बाबांनीच खाल्ली.

तुझं गुपित मी कुणालाही सांगितलं नाही, फक्त बाबांना सांगितलं. एवढं मोठं माझ्या पोटात राहतं का? ते किती वेळ वस्तराच घासत बसले. मग म्हणाले की डोळा काढलाय तर बघू दे त्याला, वाईट का होईना. पुढच्या शनिवारी दुकान बंद ठेवून, दारुमा बोचक्यात बांधून ते तुझ्याकडे निघतायत. स्वतःच्या लग्नाच्या सकाळीही ह्या माणसाने दुकान उघडून गिऱ्हाइकांच्या दोन दाढ्या केल्या होत्या! आता तुझं तू बघ.

जेवत जा. लोभ आहेच.
तुझी आई

चिबा, १९ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पोटाला दंडवत! बाबा येणार म्हटल्यावर मी मुकाट्याने नाव दिलं. दुय्यम संघाचा सामना, मूठभर प्रेक्षक, आणि पुढच्याच रांगेत मांडीवर पट्टीवाला दारुमा घेऊन बाबा. डोळे मिटून चेंडू फेकला एकदाचा. फलंदाजाने तो थेट कुंपणापार टोलावला.

आणि बाबा उठून नाचायला लागले! पट्टी ओरबाडून काढली, दारुमा डोक्यावर धरला, घसा फुटेस्तोवर ओरडले. आमच्याच लोकांना वाटलं, हा म्हातारा समोरच्या संघाचा. एकाने शिव्या घातल्या, बाबांनी त्याला वाकून नमस्कार केला. मला हसू आवरेना. हसता हसताच पुढचे तिघे बाद केले.

नंतर मी मान खाली घालून गेलो, तर त्यांनी आधी माझे केस बघितले आणि कुणी कापले हे, म्हणून हजामाचा उद्धार केला. मग म्हणाले की कुंपणापार गेला तर गेला, हातातून सुटला ना?

आई, मी तिथेच रडलो. मंगळवारी पुन्हा खेळतोय. ओनोदेरांना सांग, रुग्णाला आता नीट दिसतंय.

असाच जीव लाव.
तुझा कियोहारू