चष्मेकाकांचं मरण लांबणीवर

४ जानेवारी

चष्मेकाकांना मारायचं! संपादकबाईंनी आज सरळ सांगून टाकलं. दोन अंकांत उरका म्हणाल्या — झटका, दवाखाना, समाप्त.

नवीन आल्यात, माझ्या लेकीच्या वयाच्या. वाईट नाहीत, हुशार आहेत. "ताई, बायकांकडे टक लावून बघणारा म्हातारा आता कोणाला हवाय? मला बसमध्ये रोज फुकट भेटतो." खरंच आहे ते.

पण काका तसले नव्हेत! इतकी वर्षं मी लिहितेय त्यांना, दर गुरुवारी साप्ताहिकात येतात. बाई दिसली की चष्मा काढून पुसायला घेतात. पकडले गेले की, "छे छे, चष्मा पुसत होतो!" मग बाई म्हणते, "पुसा आणि निघा!" — आणि निघाली काकांची वरात घरी. कोणाला कधी बोट लावलेलं नाही. बसमधले जिंकतात, म्हणून त्यांचा संताप येतो. काका दर गुरुवारी हरतात, म्हणून बायका हसतात.

हे तिथे सुचायला नको? सुचलं घरी, भांडी घासताना. माझं नेहमीचंच.

५ जानेवारी

मारायला बसले. मरत नाहीत. दवाखान्यात घातलं तर नर्सला म्हणतात, "नाडी बघताय ना, मग सावकाश बघा. घाई कसली?" फाडून टाकलं.

७ जानेवारी

वन्सं आल्या. बातमी आधीच पोचलेली. "बरं झालं बाई! माझ्या भावाची बदनामी थांबली एकदाची."

सगळ्यांना वाटतं काका म्हणजे आमचे हे. ह्यांनी आयुष्यात भाजीवालीकडे मान वर करून पाहिलं नाही! सुटे पैसे जमिनीकडे बघत घ्यायचे. लग्नानंतर कितीतरी दिवस माझ्याशीसुद्धा भिंतीकडे बघून बोलत होते. देवमाणूस. अजून आठवण आली की आधी हसू येतं, मग रडू.

मग काका कोण? हे कोणी विचारलंच नाही कधी. मी! मीच काका!

खिडकीतून समोरच्या घड्याळजीचं दुकान सरळ दिसतं. डोळ्याला भिंग, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि ते हात — एवढासा स्क्रू उचलतो तोही जपून. एकटाच असतो. दुपारी डबा खातो, आणि मग तो स्वतःच धुतो. मी मन भरेपर्यंत बघते आणि टेबलाशी येऊन काकांच्या गोष्टीसाठी त्याची शिंपीणबाई करते. त्याचे हात तिला, त्याची मान तिला. तो यायच्या आधी पोस्टमनला बघायचे, त्याच्या आधी रंगाऱ्याला. आमचे हे हयात असताना? तेव्हाही! बघायला काय जातं?

दुकानात पाऊल टाकायची मात्र हिंमत नाही. तिथे मी अगदी काका आहे.

११ जानेवारी

मरणाचं प्रकरण देऊन आले. शेवटची भेट शिंपीणबाईशी. लिहिताना इतकी रडले की कागद भिजला. रडत होते आणि मधूनमधून खिडकीकडेही बघत होते. सवय, दुसरं काय. परत वाचायचा धीर झाला नाही, तसंच दिलं.

१२ जानेवारी

घोळ! महाघोळ!

"ताई, बसा." संपादकबाईंनी कागद समोर घेऊन मोठ्यांदा वाचलं — "शिंपीणबाईने ग्लास तोंडाला लावला. प्रत्येक घोटाबरोबर तिचा कंठमणी वरखाली होत होता, आणि त्याच्याबरोबर काकांचा जीव." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाईला कंठमणी?"

मी कागद ओढायला हात पुढे केला.

"पुढे आहे अजून. हनुवटीवर दोन दिवसांची खुंटं."

रडण्याच्या नादात बदलायचंच राहून गेलं होतं. घड्याळजी जसाच्या तसा कागदावर! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग त्या पुढे वाकल्या. आवाज एकदम शाळेतल्या मैत्रिणीसारखा — "कोण आहेत हो ते?"

खिडकीसमोरचा घड्याळजी मी सांगून टाकला.

"म्हणजे इतकी वर्षं... काका म्हणजे तुम्ही?"

मान हलवली. आणि ती बाई हसली की! टेबलावर डोकं टेकून हसली. शिपाई दार उघडून बघून गेला. मग मलाही आवरेना. हसता हसता भांड्यांपाशी सुचलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं — बसमधले जिंकतात, काका हरतात, म्हणून काका आपले.

त्यांनी डोळे पुसले. "उठवा काकांना खाटेवरून. आणि त्यांची थोरली बहीण आणा, आक्का. ती पुरुषांकडे बघेल. कंठमणी तिला बघायला द्या. पण ते वाक्य कापायचं नाही हं!"

जिंकले! गुडघे दुखत होते तरी जिने उड्या मारत उतरले.

१३ जानेवारी

आक्का एका बैठकीत उतरली. एक शब्द खोडावा लागला नाही. कुणाचे हात कुणाला द्यायला नकोत! केवढं हलकं वाटतंय.

२१ जानेवारी

आक्काचा पहिला गुरुवार! दुपारी पेपरवाल्याकडे अंक शिल्लक नाही. बँकेत गेले तर कॅशियरबाई रांगेतल्या एका देखण्या गृहस्थांकडे बघत चष्मा पुसतायत, आणि रांगेतल्या बायका एका सुरात — "पुसा आणि निघा!" गृहस्थ कानापर्यंत लाल. मी काउंटरला धरून हसले.

संध्याकाळी वन्संचा फोन. "आक्का फार चावट आहे हो. आमच्या घराण्यात असलं कोणी नाही." मग हळूच — "पुढच्या गुरुवारी काय करते?"

२५ जानेवारी

घड्याळ बंद पडलं म्हणून समोर गेले. (कुठलं बंद पडतंय! चावीच दिली नव्हती.) त्याने ते उघडलं. मी चष्मा काढला आणि पदराने पुसत उभी राहिले.

भिंगातून नजर वर न करता म्हणाला, "पुसा. पण निघू नका."