हलायचं नाही

छत्रपती संभाजीनगर
दसरा, २ ऑक्टोबर

प्रिय युसरा,

सप्रेम नमस्कार. चाचींना माझा सलाम सांग. आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुमच्याकडे कसं आहे, हे विचारायला मला तोंड नाही. पण पत्राची सुरुवात अशीच करतात, म्हणून विचारते.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज टाकते तर एकच टिक दिसते. शेवटी आज पोस्टाची पाकिटं आणून ठेवली. एरवी तू यावर पोट धरून हसली असतीस की ड्रोन उडवणारी तनुजा पाकिटाला डिंक लावत बसली आहे.

पूर ओसरल्यावर तरी चाचांचा काही पत्ता लागला का? तहसीलला मी रोज फोन करते. तिथला माणूस आता माझा आवाज ओळखतो. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आधीच म्हणतो, “मॅडम, बोट चालूच हाये. घावले की पहिला फोन तुम्हालाच.” त्याच्या चांगुलपणाचाही राग येतो.

आज सकाळी आईने घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, बाबांचे पाने, शिलाई मशीन आणि या सगळ्यांच्या मधोमध आपलं ड्रोन. चारही पंख्यांना हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी म्हटलं, कॅमेऱ्याला तरी कुंकू लावू नकोस. तर म्हणाली, “लावू दे गं, यानंच तर नाव काढलं तुमचं.” मला तिथं उभं राहवेना. गच्चीवर जाऊन बसले.

नाव निघालं हे खरंच. तू पेपरात वाचलंच असशील, आणि म्हणूनच फोन उचलत नसशील. सोमवारी करमाडच्या पुढच्या मैदानावर अंतिम फेरी झाली. ‘मानवसेवेसाठी ड्रोन’ असा भलामोठा फलक, खुर्च्यांना पांढरी कापडं, अधिकारी, कॅमेरे, सगळा थाट सरकारी. परीक्षकांनी मक्याच्या शेतात एक बाहुला लपवला होता. त्याला शर्ट-पँट घातली होती आणि माणसासारखा ऊबदार लागावा म्हणून पोटात गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या होत्या. आपल्या ड्रोनला तो तीन मिनिटं पन्नास सेकंदांत सापडला. त्याच्या हाताशी लाइफ जॅकेट आणि दोर पाडला. पहिला नंबर आला. प्रमाणपत्रावर तुझंही नाव आहे.

तू म्हणशील, माझे अब्बा पुरात बेपत्ता असताना ही बया स्पर्धेला गेलीच कशी. रविवारी फोनवर तुला सांगितलं होतं, मशीन शनिवारच्या तपासणीनंतर तिकडेच जमा झालं होतं. माझ्या हातात काही नव्हतं. हे पुन्हा लिहायची काही गरज नाही, तरी लिहिते आहे.

चाचींच्या पोटात दोन घास जातील असं बघ. तूही खा.

तुझी,
तनू


वैजापूर, एसटी स्टँड
१० ऑक्टोबर

प्रिय युसरा,

काल तू मला नदीकाठी पाहिलंस आणि पाठ फिरवून गेलीस. बरं केलंस. मी हाक मारणार होते, आणि हाक मारल्यावर काय बोलणार होते ते मलाही माहीत नाही.

सहा दिवस झाले, रोज पहिल्या एसटीने येते. ड्रोनची पेटी मांडीवर घेऊन बसते. कंडक्टरला वाटतं आत वाजवायची पेटी आहे. उतरले की तुमच्या शेतापासून खाली बंधाऱ्यापर्यंत उडवत जाते. आपल्या कामाची पद्धत काय होती? एकीने उडवायचं, दुसरीने पडदा बघायचा. आता मी एकटीच कधी आभाळाकडे बघते, कधी पडद्याकडे. परवा बाभळीत अडकता अडकता वाचलं. पडद्यावर ऊब दिसली की तिकडे धावत सुटते. मग कळतं की कुत्रं आहे, नाहीतर उन्हाने तापलेला दगड.

तुला तो उन्हाळा आठवतो ना? दर रविवारी चाचा आपले हरवलेले माणूस व्हायचे. नांगरटीत जाऊन उताणे पडायचे, छातीवर तो लाल चौकडीचा रुमाल पसरायचे, आणि आपण शेताच्या पलीकडून मशीन सोडायचो. पहिल्या काही वेळा त्यांनी मान वळवली, पाय आखडला, की मशीन त्यांना शेळी समजून सोडून द्यायचं. हलणाऱ्या गोष्टी मीच वगळायला लावल्या होत्या, गावातल्या कुत्र्या-शेळ्यांनी वैताग आणला होता म्हणून. मग मी त्यांना ओरडायचे, “चाचा, हलायचं नाही! हललात की सापडणार नाही!” आणि ते शाळेतल्या पोरासारखे श्वास रोखून पडून राहायचे. मशीन डोक्यावर आलं की तिथूनच हाक यायची, “तनू, सापडलो का गं? मुंग्यांनी पार खाल्लं मला!” तू चिडायचीस. म्हणायचीस, अब्बांना इतका वेळ उन्हात निजवू नको. मी म्हणायचे, सवय झाली पाहिजे त्यांना.

काल तू गेल्यावर मी तुमच्या घरी गेले होते. नात्यातल्या बायका चाचींना इद्दतीला बसा, विधवेचे दिवस पाळायला लागा म्हणून समजावत होत्या. चाची एकच म्हणत होत्या, “मय्यत कहाँ है? पहले दिखाओ मेरेकू.” मला पाहिलं, तर उठून आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. “खाको जा बेटी, सुबू से नदीपो फिररी तू.” मी जेवले, युसरा. त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. आणि खाताना ठरवलं की आता हे लपवायचं नाही.

मशीन जमा झालं नव्हतं.

शनिवारी तपासणीला तू आली नव्हतीस, म्हणून तुला माहीत नव्हतं. तपासणी झाल्यावर त्यांनी पेटीवर कागदी पट्टी चिकटवली, त्यावर चौदा नंबरचा शिक्का मारला आणि पेटी माझ्याच ताब्यात दिली. सोमवारी पट्टी फाटलेली दिसली तर स्पर्धेतून बाद, एवढाच नियम. रविवारी सकाळी आठ वाजता तू फोनवर रडत होतीस की अब्बा शेतावर मोटार काढायला गेले, पाणी चढलं, फोन लागत नाही, तू मशीन घेऊन निघ. तेव्हा ती पेटी माझ्या कॉटखाली होती. तुला “जमा झालं गं” म्हणताना माझा पाय तिला लागत होता.

नखाने निघाली असती अशी ती पट्टी होती.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते ऐक. पावसात मशीन उडणार नाही. परवानगी नाही. सरकारी बोटी निघाल्या असतील. चाचा काही लहान नाहीत, केव्हाच रस्त्याला लागले असतील. मोबाइलवर हवामान बघत बसले, दिवसभर पाऊस दाखवावा म्हणून. साडेनऊला आभाळ उघडलं. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दोन वर्षं आपण राबलो होतो. दोनदा पहिल्या फेरीत घरी परतलो होतो. कॉलेजात सगळे आपल्या कामाला पोरींचा खेळ म्हणायचे. मला जिंकायचं होतं. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मला माफ कर असं लिहून खोडलं आहे. दिसत असेल.

तनुजा


छत्रपती संभाजीनगर
१६ ऑक्टोबर

युसरा,

या पत्रात खुशाली नाही. हे पत्र पूर्ण वाच, मग फाड. शनिवारी सकाळी दहा वाजता तुला शेतावर यावं लागणार आहे, आणि का ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

त्या दिवशी चाचांबरोबर शेतावर असलेला तुमचा वाटेकरी कचरू सापडला. पुराने त्याला खाली वाहून नेलं, तिथल्या लोकांनी झाडावरून काढलं आणि इथं घाटी दवाखान्यात आणून टाकलं. पाय मोडलेला, तापात बडबडत होता. नाव सांगायच्या स्थितीत आला तो मंगळवारी. काल मी त्याच्यापाशी जाऊन बसले. तो बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहिते. माझ्या शब्दांत लिहिलं तर मी कुठंतरी सौम्य करीन.

“पाणी कमरेला लागलं व्हतं ताई. दोघं बी मोटारीच्या खोलीवर चढलो. मंग म्या म्हणलं, मुख्तारभाई, अजून बांध दिसायलाय, बांधाबांधानं रस्त्याला निघू. तं म्हणले, नाय. पोरींनी सांगितलंय, हरवल्यावर हलायचं नाय. हल्लं की मशीनला घावत नाय माणूस. म्या लई ओढलं त्यांला. तू जाय म्हणले, त्या येतेतच आता. म्या निघलो. मागं वळून पाह्यलं तं स्लॅबवर उताणे निजले व्हते, छातीवर रुमाल टाकून. म्या त्या झाडावर लटकून दुपारपस्तोर पाहत व्हतो. हल्ले नाय. मंग खोलीच बसली ताई. सगळीच बसली.”

कचरूने विचारलं, “तुमची मशीन बिघडली व्हती का?” मी नाही म्हणाले.

आठपासून दुपारपर्यंत, युसरा. मी साडेदहाला पोचले असते. बोट शेजारच्याच गावात होती, फक्त माणूस नेमका कुठं अडकला आहे ते कुणाला माहीत नव्हतं. ऊस पाण्यात आडवा झालेला, त्यात एका खोलीचं छत काठावरून कुणाला दिसणार? वरून दिसलं असतं. तेवढ्यासाठीच ते बनवलं होतं आपण.

आणि आपण सगळे इतके दिवस खाली बंधाऱ्याकडे शोधत होतो. ते कुठंही गेले नव्हते.

कचरूचा जबाब मी तहसीलला नेऊन दिला. गाळ उपसायला जेसीबी शनिवारी दहाला येतंय. प्रमाणपत्र मी स्पर्धेच्या कार्यालयाला परत पाठवलं, सोबत खरं काय ते लिहून. त्याने मला जराही हलकं वाटलं नाही. तुझं नाव मात्र तुझ्या कामाचं आहे, ते त्यांनी ठेवावं असं लिहिलं आहे.

काल संध्याकाळी मी ऊब शोधणारा कॅमेरा मशीनवरून काढून ठेवला. साधा लावला. तुला कळतंय मी काय लिहिते आहे. चाचींना कसं सांगायचं ते मला माहीत नाही. त्यांना मय्यत दाखवायची आहे, एवढं एकच आता माझ्या हातून होण्यासारखं आहे, आणि तेही एकटीने होत नाही. गाळ निघताना मी वरून उडवीन, कुणीतरी पडदा बघायला हवं. तुझ्याशिवाय दुसरं कुणी तो रुमाल ओळखणार नाही. तिथं ये. सगळ्यांसमोर मला हाकलून दे, मी बांधाच्या पलीकडे जाऊन उभी राहीन. पण ये गं. मी पाया पडते तुझ्या.

एक शेवटचं. कचरू ‘पोरींनी’ म्हणाला. तू ते स्वतःवर घेशील, मला माहीत आहे, आणि जन्मभर उराशी धरशील. तू त्यांना कधीच तसं सांगितलं नव्हतंस. तू तर म्हणायचीस, अब्बा, उठा आता, पुरे झालं. हलायचं नाही, हे फक्त माझं होतं.

चाचांनी जिचं ऐकलं, ती
तनुजा